गम्बो करताय? आधी रू जमवा

अमेरिकेतल्या लुईझियानाच्या केजन जेवणाची सुरुवात करायची असेल तर चिकन आणि आंडुई सॉसेजचा (डुकराच्या मांसाचं, धुरी दिलेलं मसालेदार सॉसेज) गम्बो करा, म्हणजे भातासोबत खायचा दाट रस्सा. त्याचा सगळा जीव रूमध्ये, म्हणजे तेलात भाजलेल्या मैद्यात आहे, म्हणून तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

वाटीभर तेल, वाटीभर मैदा, जाड बुडाचं भांडं, मध्यमाहून कमी आच. लाकडी उलथन्याने तळ खरवडत सतत हलवायचं. आधी भाजलेल्या बेसनाचा रंग येतो, मग शेंगदाण्याच्या कुटाचा. नवखे इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. पाऊण तास लागला तरी चालेल, पण डार्क चॉकलेटसारखा रंग यायलाच हवा. काळे ठिपके दिसले तर मात्र सरळ टाकून द्या. माझे पहिले दोन रू असेच करपले. कडूपणा कशानेही झाकत नाही.

रंग आला की लगेच बारीक चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची घाला. चर्र होतं आणि रूचं भाजणं थांबतं. लुईझियानात या तिघांना 'होली ट्रिनिटी' म्हणतात. टोमॅटो नको, तो न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल, म्हणजे तिथल्या शहरी पद्धतीत. १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हाकललेल्या अकेडियन, म्हणजे तिथल्या फ्रेंच वसाहतकरी लोकांच्या वंशजांचं, केजन लोकांचं, हे गावाकडचं जेवण. ते तसंच साधं राहू द्या.

फिले, म्हणजे ससाफ्रासच्या पानांची पूड, गॅस बंद केल्यावरच घाला. उकळली तर तार सुटते. सोबत गरम पांढरा भात.