आधी दुकानाबाहेर या, मग भाव विचारा

कापूस विकून झाला, लग्नाच्या बैठका सुरू झाल्या की हिऱ्याबद्दलची पत्रं वाढतात. मी सुरतेत नऊ वर्षं हिरे निवडण्याचं काम केलं. आता वर्ध्यात फक्त पारख करून देते, विक्री करत नाही. यावेळी सहा पत्रांना उत्तरं देते आहे.

प्रश्न: आम्ही घाटंजी तालुक्यातले कास्तकार. मुलीच्या लग्नात एका खड्याची हिऱ्याची अंगठी द्यायची आहे. सराफ वजन, रंग, डाग असं बरंच सांगतो. आधी काय पाहावं?

पैलू पाहा, भाऊ. वरून आत शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरूनच बाहेर आला, तर हिरा चमकतो. खडा उथळ घडवलेला असेल तर उजेड खालून निसटतो आणि आत माशाच्या डोळ्यासारखं पांढुरकं कडं दिसतं. फार खोल घडवलेला असेल तर मधोमध काळोखी येते. खोल खड्याचं आणखी एक नुकसान म्हणजे वजन त्याच्या पोटात लपतं. नीट घडवलेला अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा वरून पाच मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त भरतो, एक कॅरेटचा साधारण साडेसहा. सराफाकडे मोजायचा गेज असतो, तो लावायला सांगा. पैसे पन्नास सेंटचे, म्हणजे अर्ध्या कॅरेटचे, आणि दिसायला चाळीस सेंटचा, असा माल बाजारात खूप आहे.

दुकानाच्या छतात बसवलेल्या दिव्यांखाली काचही लखलखते. म्हणून सराफाच्या माणसाला बरोबर घेऊन सुटा खडा ओसरीवर आणा. थेट ऊन नको, सावलीतला उजेड हवा. कोऱ्या पांढऱ्या कागदाला मधोमध घडी घाला, त्या खाचेत खडा पालथा ठेवा आणि बाजूने पाहा. पिवळी झाक असेल तर तिथे दिसते. शेजारी दुसरा खडा ठेवला की फरक आणखी स्पष्ट होतो. वाण्याकडून तूरडाळ घेताना आपण मूठभर डाळ उजेडात धरतोच की. लाखाच्या वस्तूला तेवढं तरी पाहायलाच हवं.

रंगाची प्रत इंग्रजी डी या अक्षरापासून सुरू होते आणि झेडपर्यंत उतरते. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर एच किंवा आय पुरेसा आहे, सोन्याच्या झाकेत तो पांढराच दिसतो. डागांचं म्हणाल तर प्रत दहापट भिंगाखाली ठरते, आणि अंगठी कोणी भिंगातून पाहत नाही. व्हीएस प्रतीचा, म्हणजे फार बारीक डागांचा, खडा घ्या. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल तर त्याखालचा एसआय वनही चालेल. फक्त काठापासून आत गेलेली भेग असेल तर तो खडा नको, बसवताना तडकू शकतो.

वजन सर्वांत शेवटी. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे शंभर भाग म्हणजे सेंट. पन्नास आणि शंभर सेंटच्या पायरीवर भाव एकदम चढतो. त्यामुळे सेहेचाळीस-सत्तेचाळीस सेंटचा खडा मागा. बोटात घातल्यावर फरक कळत नाही, बिलात कळतो.

एका खड्याची अंगठी असेल तर जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचा दाखला हवाच. बऱ्याच खड्यांच्या कडेवर दाखल्याचा नंबर लेझरने कोरलेला असतो. भिंगाखाली तो मुंग्यांच्या रांगेसारखा बारीक दिसतो. तो दाखवायला सांगा आणि तोच नंबर तिथल्या तिथे मोबाइलवर प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. वजन, रंग, माप जुळलं तर पुढे जा.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सराफाने ‘लॅबचा हिरा’ दाखवला, खूप स्वस्त आहे. तो नकली असतो का?

नकली नाही, ताई. तोही कार्बनच असतो, तेवढाच कठीण, तेवढाच चमकदार. तो कारखान्यात प्रचंड दाब आणि उष्णतेत बनवतात, नाहीतर सीव्हीडी पद्धतीने वायूतून थरावर थर चढवून वाढवतात. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा जो हिरा भेट दिला, तो लॅबचाच होता.

डोळ्यांनी, भिंगाने किंवा सराफाच्या साध्या टेस्टरने लॅबचा आणि जमिनीतला हिरा वेगळे ओळखता येत नाहीत, मलाही येत नाहीत. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं राहिलेल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू गटागटाने जमलेले असतात. काही आठवड्यांत तयार झालेल्या हिऱ्याला तेवढा वेळ मिळालेला नसतो. हा फरक प्रयोगशाळेची यंत्रंच पकडतात.

रोज वापरायच्या कुड्यांसाठी तुम्ही तो खुशाल घ्या. मात्र गेल्या काही वर्षांत त्याचा भाव सारखा घसरत आला आहे, त्यामुळे उद्या विकू म्हणून घेऊ नका. आणि बिलावर ‘लॅबमध्ये तयार केलेला’ हे शब्द लिहून घ्या. नैसर्गिक म्हणून पैसे घेऊन हातात लॅबचा खडा दिलेली दोन कुटुंबं माझ्याकडे येऊन गेली. दोघांच्याही बिलावर नुसतं ‘डायमंड’ लिहिलेलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

प्रश्न: आजीच्या हिऱ्याच्या कुड्या आहेत, तिच्या १९६१ सालच्या लग्नातल्या. गावातले एक काका म्हणतात, हातोडीने ठोकून पाहा, खरा असेल तर फुटणार नाही. करू का?

अजिबात नको. घणाचे घाव सोसतो तो खरा हिरा, हे आपण भजनात ऐकत आलो, पण हिरा कठीण असतो, चिवट नसतो. त्याच्यावर दुसऱ्या कशाचा ओरखडा उठत नाही, तरी ठरावीक दिशेने ठोका बसला तर तो सरळ चिरतो. अशा परीक्षेत चुरा झालेला एक खरा खडा मी पाहिला आहे. चुरा पुडीत बांधून त्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. खराच होता, हे सांगताना मला शब्द सुचेनात.

तोंडाची वाफ मारून पाहण्यातही फारसा अर्थ नाही. हिऱ्यावरची वाफ लगेच जाते हे खरं, पण आपल्याकडे वैशाखात साध्या काचेवरही वाफ टिकत नाही.

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे साल. हिऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम खडे नंतरचे: अमेरिकन डायमंड बाजारात आला १९७६ नंतर, मॉइसनाइट तर नव्वदच्या दशकाच्या शेवटी. कुड्यांचे खडे मधे कधी बदलले नसतील तर हे दोन्ही संशय मिटले. उरतात काच, पांढरा पुष्कराज, झिरकॉन (हा जमिनीतून निघणारा खडा, अमेरिकन डायमंड नव्हे) असे खडे.

आता घरीच एवढं करा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून कुड्या अर्धा तास ठेवा आणि लहान मुलाच्या मऊ ब्रशने मागून घासा. मागची बाजू धातूने बंद असेल तर भिजवू नका, आत चांदीचा वर्ख असू शकतो, तो काळा पडतो. मग भिंगातून पैलूंच्या धारा पाहा. साठ वर्षं कानात राहिलेल्या, पदराला, उशीला घासलेल्या काचेच्या धारा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत होतात. हिऱ्याच्या धारा पहिल्या दिवशीसारख्या तीक्ष्ण असतात. जुन्या घडणीच्या हिऱ्यात वरून पाहिल्यावर मधोमध एक बारीक गोल ठिपकाही दिसतो. तळाचं टोक तेव्हा सपाट कापत असत. तो दोष समजू नका.

नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी टेस्टर लावून घ्या, तुमच्या डोळ्यांसमोर. आणि कोणी ‘नव्या पद्धतीने पैलू पाडून देतो’ म्हणालं तर नाही म्हणा. वजन जातं, जुनी घडण जाते आणि आजीच्या कानातलं ते मंद, मेणबत्तीसारखं तेजही जातं.

प्रश्न: ज्योतिषांनी शुक्रासाठी हिरा सांगितला आहे. दुकानदार म्हणतो, अमेरिकन डायमंडही चालतो.

ग्रहांविषयी मी बोलणार नाही. अमेरिकन डायमंड हा हिरा नाही, झिरकोनियमचं ऑक्साइड आहे. हिऱ्याच्या भावात तो घेऊ नका.

प्रश्न: गेल्या वर्षी शहरात एका हॉलमधल्या प्रदर्शनात १४ कॅरेटची हिऱ्याची अंगठी घेतली. आता अडचणीमुळे विकायला गेलो तर वणीतला सराफ निम्म्याहून कमी देतो म्हणतो. बिलावर ‘डायमंड रिंग, १ नग’ एवढंच आहे. मी फसलो का?

फसलात की नाही, हे त्या बिलावरून ठरवताच येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. पक्क्या बिलावर एकूण वजन, सोन्याचं निव्वळ वजन, सोन्याचं कॅरेट, हिऱ्यांची संख्या आणि वजन, हिऱ्यांची प्रत, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी, हे सगळं वेगवेगळं हवं.

हिशेब असा असतो. समजा अंगठी ४.२०० ग्रॅमची आहे आणि तिच्यात साठ सेंटचे हिरे आहेत. साठ सेंट म्हणजे ०.१२० ग्रॅम. सोनं उरलं ४.०८० ग्रॅम. १४ कॅरेट म्हणजे त्यातलं ५८.५ टक्के शुद्ध, म्हणजे साधारण २.३९ ग्रॅम. कोणी पूर्ण ४.२०० ग्रॅमला २२ कॅरेटचा भाव लावला असेल, तर घाटा तुम्ही घेतानाच खाल्ला. सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा आणि हिऱ्याचा कॅरेट वजनाचा, या एका शब्दामुळे शिकलेली माणसंही गोंधळतात.

अंगठीच्या आत हॉलमार्क पाहा. १४ कॅरेटला ५८५ आणि सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की दागिन्याची नोंद दिसते. हा शिक्का सोन्याची खात्री देतो, हिऱ्याची नाही.

विक्रीचं म्हणाल तर सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, हिऱ्याला तसा एक भाव नसतो. दोन-दोन सेंटचे बारीक हिरे दुसरा सराफ जवळजवळ धरतच नाही, आणि घडणावळ तर कोणीच परत देत नाही. म्हणून आधी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडेच जा आणि मोडीचा हिशेब कागदावर मागा. पुढच्या वेळी हाच प्रश्न पैसे देण्याआधी विचारा, ‘उद्या परत आणली तर सोन्याचे किती, हिऱ्याचे किती?’, आणि उत्तर बिलाच्या पाठीवर सहीसह घ्या. पेरणीच्या वेळी लागणारा पैसा मात्र हिऱ्यात घालू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

प्रश्न: आरमोरीजवळ आमचं वावर आहे. नाल्यात बोराच्या आठळीहून थोडा मोठा चमकदार खडा सापडला. काचेवर ओरखडा उठतो. वैरागडला पूर्वी हिरे निघत, मग हा हिरा असेल का?

वैरागडचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात तिथल्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही.

पण काचेवरचा ओरखडा पुरावा नाही, आपली गारगोटीही काच कापते. खडा सहा बाजूंचा, पेन्सिलीसारखा लांबट असेल आणि बाजूंवर आडव्या रेघा असतील तर ती गारगोटीच. कच्चा हिरा बहुधा दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखा, कडा गोलसर, तेलाचा हात लागल्यासारखा दिसतो. काचेसारखा लखलखीत नसतो.

सोनाराच्या बारीक काट्यावर एक परीक्षा होते, खडा खराब न करता. आधी कोरडा तोला. मग दोऱ्याने बांधून, काट्याला टांगून, भांड्यातल्या पाण्यात पूर्ण बुडवून तोला, भांड्याला टेकू देऊ नका. दोन ग्रॅमचा खडा पाण्यात १.२५ ग्रॅमच्या आसपास भरला तर गारगोटी. १.४३ च्या जवळ भरला तर मला लगेच कळवा. तेवढ्यानेही हिरा ठरत नाही, टोपाझही जवळपास तितकाच भरतो, पण मग पुढची तपासणी करण्यासारखी आहे. नागपूरला भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे, तिथे चौकशी करा. खडा नाल्यात नेमका कुठे सापडला ती जागा आजच लिहून ठेवा, परवानगीशिवाय खणू नका, आणि तोलून होईपर्यंत तो कोणालाही विकू नका.