उद्यानाची पाटी आणि वनरक्षकाचा पगार

प्रिय मित्रा,

गरीब देशांत निसर्गसंवर्धनाचं काम करायला कोणत्या संस्थेत शिरावं, असं तू विचारलंस. संस्थेचं नंतर बघू. आधी २ नोव्हेंबर २०२४ ची सकाळ नीट समजून घे. कोलंबियातल्या काली शहरात संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता कराराची, म्हणजे सजीवसृष्टी वाचवण्यासाठी देशांनी केलेल्या कराराची, सोळावी परिषद ठरल्यापेक्षा लांबली, रात्रभर चर्चा चालली. पैशांचा वादग्रस्त विषय अजून बाकीच होता. तोवर सभागृह इतकं रिकामं झालं की गणपूर्तीच उरली नाही आणि बैठक थांबवावी लागली. विमानाचं तिकीट पुढे ढकलणं श्रीमंत देशाच्या शिष्टमंडळाला जड जात नाही. दोन-तीन माणसं घेऊन आलेल्या छोट्या देशाला जातं. राहिलेलं काम फेब्रुवारी २०२५ मध्ये रोमला झालं.

गरीब देशांच्या प्रतिनिधींचा प्रवासखर्च द्यायलाच हवा, पण तेवढ्याने भागत नाही. एकाच वेळी तीन-चार खोल्यांत वाटाघाटी चालतात. मसुदा बहुधा इंग्रजीत, आणि ज्यावर एकमत नाही तो मजकूर चौकोनी कंसात. मध्यरात्री एक कंस उडतो, आणि ज्याचा त्याच्याशी सर्वाधिक संबंध तो माणूस दुसऱ्या खोलीत बसलेला असतो. तुला खरी मदत करायची असेल तर ती परिषदेच्या सहा महिने आधी, त्या देशाच्या मंत्रालयात बसून कर. भूमिका त्यांची असू दे. तू आकडे काढ, मसुदे वाच, कायद्याच्या खाचाखोचा सांग. हे काम दिसत नाही, त्याचे फोटो निघत नाहीत. म्हणूनच त्याला माणसं मिळत नाहीत.

डिसेंबर २०२२ मध्ये याच कराराच्या आधीच्या परिषदेत, माँट्रियलला, २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करायचं ठरलं. त्या पहाटे काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या प्रतिनिधीने निधीच्या मुद्द्यावर हरकत घेतली, तरी अध्यक्षांनी हातोडा आपटून ठराव मंजूर केला. काँगोकडे आफ्रिकेतलं सर्वांत मोठं वर्षावन आहे. जंगल राखायचं त्यांनी आणि खर्चाचं नंतर बघू, हे त्यांना कसं पटावं? विकसनशील देशांना २०२५ पर्यंत वर्षाला किमान २० अब्ज आणि २०३० पर्यंत ३० अब्ज डॉलर मिळावेत, असं त्याच ठरावात लिहिलंय.

पण रकमेपेक्षा मला तिची मुदत जास्त खुपते. प्रकल्प तीन-चार वर्षांचा असतो. जीप येते, कार्यशाळा होतात, पाटी लागते. मुदत संपली की जीपमध्ये डिझेल नाही आणि वनरक्षकाचा पगार थकलेला. जगाच्या नकाशावर मात्र ते क्षेत्र हिरवंच दिसतं, कारण त्या रंगात गस्त किती होते ते कळत नाही.

कायमस्वरूपी पैसा उभा करण्याचे प्रयत्न झालेत. सेशेल्सचं सुमारे २ कोटी १६ लाख डॉलरचं कर्ज २०१५-१६ मध्ये नव्या अटींवर बांधलं गेलं आणि परतफेडीचा काही भाग तिथल्याच एका विश्वस्त निधीकडे वळला. मासेमारांपासून पर्यटन व्यावसायिकांपर्यंत सगळ्यांशी वर्षानुवर्षं बोलून समुद्राचा आराखडा आखला गेला, आणि २०२० मध्ये त्यांनी ३० टक्के समुद्र संरक्षित केला. असे कर्जाचे सौदे आता फार गाजतात, आणि देशाच्या एकूण कर्जापुढे ही रक्कम किती, हे क्वचितच कुणी विचारतं. तू विचार.

नामिबियाचा मार्ग मला अधिक भावतो. १९९६ च्या कायदादुरुस्तीने सामूहिक जमिनीवर राहणाऱ्यांना वन्यजीवांवर आणि पर्यटनाच्या उत्पन्नावर हक्क मिळाले. आज तिथे ऐंशीहून अधिक लोकसंरक्षित क्षेत्रं आहेत. सगळीच स्वतःच्या पायावर उभी नाहीत, दुष्काळात उत्पन्न आटतं, हत्ती शेत तुडवतात. तरी निर्णय घेणारी समिती गावातलीच, आणि तिच्याकडे हिशेब मागता येतो.

तुझी मुलाखत आहे त्या प्रकल्पाचं अंदाजपत्रक मागून घे. सल्लागारांवर किती, परदेशी कार्यालयावर किती आणि त्या देशातल्या खात्याच्या हातात किती, हे बघ. शेवटचं वर्ष संपल्यावर वनरक्षकांचा पगार कुठून येणार, हे मुलाखतीतच विचार. काय उत्तर मिळतं ते मला कळव, मग संस्थेबद्दल बोलू.

सस्नेह