रसाचं तापमान फायबरने मोजावं का?

प्रश्न : आमच्या इंडक्शन फर्नेसमध्ये (विजेच्या कॉइलने धातू वितळवणाऱ्या भट्टीत) रसाचं, म्हणजे वितळलेल्या पोलादाचं, तापमान डिप टिपने (रसात बुडवायच्या, एकदाच वापरायच्या थर्मोकपलने) घेतो. एका पुरवठादाराने फायबर ऑप्टिक, म्हणजे काचेच्या बारीक धाग्याने मोजणारं, यंत्र सुचवलं आहे. १६०० अंशांच्या पोलादात काच टिकते कशी? आणि ते घ्यावं का?
– एक वाचक, तळोजा एमआयडीसी, नवी मुंबई

उत्तर : काच टिकत नाहीच. स्टीलच्या बारीक नळीतली फायबर रसात गेली की तिचं टोक जळतं. पण त्याआधी रसाचा उजेड काचेतून मागे डिटेक्टरपर्यंत पोहोचलेला असतो आणि त्याच्या तीव्रतेवरून तापमान निघतं. पुढच्या मापाला रिळावरची नवी फायबर सरकवायची.

कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राचा या उजेडावर परिणाम होत नाही, हा मोठा फायदा. अडचण कनेक्टरची, म्हणजे फायबर यंत्राला जोडणाऱ्या टोकाची, आहे. टोकाला बोट लागलं, धूळ बसली किंवा केबल कुठे कडक वळली, की उजेड कमी पोहोचतो. १.५५ मायक्रॉन तरंगलांबीवर तीव्रता मोजणाऱ्या यंत्रात ५ टक्के उजेड गळला, तर १६०० अंशांचा रस १५८० च्या आसपास दिसतो. अशी चूक नेहमी खालच्या बाजूलाच होते. मग मेल्टर (भट्टी चालवणारा) आणखी पॉवर देतो आणि जादा तापलेला रस लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) खातो. म्हणून पाळीच्या सुरुवातीला कनेक्टरचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या टिश्यूने एकाच दिशेने पुसा. तोंडाने फुंकू नका, वाफ बसते. कनेक्टर काढला की लगेच टोपी लावा.

हीटमागे (रसाच्या एका खेपेमागे) एक-दोनच मापं घेत असाल तर आमच्या मते डिप टिपच ठेवा. पॉवर बंद करा, स्लॅग (रसावरची मळी) बाजूला सारा, दर वेळी सारख्याच खोलीवर बुडवा. पावसाळ्यात टिपांचा खोका उघडा ठेवू नका. पुठ्ठ्याची नळी ओलावा धरते, रस उडतो आणि आकडा नाचतो.

प्रश्न : मग हीच फायबर लायनिंगवर नजर ठेवायला चालेल?

उत्तर : चालेल, आणि पैसे तिथे घालणं आम्हाला जास्त पटतं. कॉइलचं ग्राउट (कॉइलवरचा सिमेंटसारखा थर) आणि लायनिंग यांच्यामध्ये फायबर अंथरतात. तिच्यात लेसरचा पल्स सोडून परत येणाऱ्या उजेडावरून लांबीभर तापमान मोजतात. साधं अ‍ॅक्रिलेट आवरण ८५ अंशांपर्यंतचंच असतं, त्यामुळे ३०० अंश सोसणारं पॉलिइमाइड मागा.

खरेदीआधी किती लांबीची सरासरी मिळते ते विचारा. लेसरचा पल्स १० नॅनोसेकंदांचा असेल तर एक आकडा सुमारे १ मीटर फायबरची सरासरी असतो. म्हणजे ५ सेंटिमीटरचा पट्टा १०० अंशांनी तापला तरी पडद्यावर जेमतेम ५ अंश चढतात. अशा यंत्रासाठी फायबर एकमेकांना लागून वेटोळी घालत अंथरावी लागते. तिचं वळण उत्पादकाने दिलेल्या त्रिज्येपेक्षा लहान नको.

अर्थ लीकेज डिटेक्टर (जमिनीकडे गळणारा करंट पकडणारं यंत्र) मात्र फायबर आली म्हणून काढू नका. रस भेगेतून कॉइलकडे निघाला की फर्नेस बंद पाडणारा तोच आहे. त्याची चाचणी रोज, हीट सुरू करण्याआधी घ्या.