जाळी आहे, तरी डास आहेत

प्रश्न : घरातल्या सगळ्या सरकत्या खिडक्यांना जाळ्या आहेत. तरी दिवेलागणीला डास खोलीत हजर. आता आणखी बारीक जाळी लावा, असा सल्ला मिळालाय. सगळ्या बदलून घेऊ का?

उत्तर : नको. बावीस वर्षं मी खिडक्यांना जाळ्या बसवतोय, तेव्हा हे स्वतःच्याच पोटावर पाय आणून सांगतोय. इंचाला एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १६ भोकं असलेली साधी जाळी डासाला पुरते. अगदी बारकी चिलटं येत असतील तर २० बाय २० ची लावा, पण जाळी जितकी बारीक तितका वारा कमी. त्यात धूळ बसली की खिडकी असून नसल्यासारखीच.

फाटलेली नसेल तर डास जाळीतून येत नाही, कडेने येतो. सरकत्या खिडकीत काच आणि जाळी वेगवेगळ्या रुळांवर धावतात. काच अर्धवट उघडली की काचेची चौकट आणि जाळीची चौकट एकमेकींवर बसत नाहीत, मधे उभी फट राहते. म्हणून काच एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण लावा. ‘थोडीशी उघडी’ हीच डासाची वाट. जाळी बसवून देतानाच हे सांगायला हवं. आमच्यातले बरेच जण सांगत नाहीत, सुरुवातीला मीही सांगत नव्हतो.

एक जुनं पोस्टकार्ड घ्या आणि जाळीच्या चौकटीच्या चारी कडांनी फिरवा. जिथे ते न अडता आत जातं, तिथे केसाळ ब्रशपट्टी चिकटवा. मग खालच्या रुळाला पावसाचं पाणी बाहेर जायला ठेवलेली भोकं बघा. ती सिमेंटने बुजवू नका, पाणी घरात येईल. जाळीचा कपटा बाहेरून चिकटवला की काम होतं. दाराखालची फट आणि बाथरूमचा पंखा बसवलेली मोकळी चौकट मात्र लोक हमखास विसरतात.

एवढं करूनही डास असतील तर ते बाहेरून येतच नाहीयेत. एका घरी याच तक्रारीसाठी मी तीनदा गेलो. दोनदा पट्ट्या बदलल्या. तिसऱ्यांदा कपाटावरच्या मनीप्लांटच्या बाटलीत वाकून पाहिलं, तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या! म्हणजे माझ्या जाळ्या डासांना बाहेर जाऊ देत नव्हत्या. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून बाटल्या, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामं करायचं. नुसतं ओतून भागत नाही, आतून घासायचं. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

प्रश्न : बाळ सात आठवड्यांचं आहे. सासूबाई रात्री कॉइल लावतात, नवरा मलम आणतो म्हणतो. काय योग्य?

उत्तर : दोन्ही नको, मच्छरदाणी लावा. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं मोजून पाहिलेलं आहे. सासूबाईंना हा आकडा सांगा, भांडण होणार नाही. मलमात डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असेल तर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावत नाहीत. लेमन युकॅलिप्टसचं तेल ‘नैसर्गिक’ म्हणून विकतात, पण ते तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नाही. पुढे लावायची वेळ आली की आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारा, आणि तेव्हाही मुलाच्या हाताला लावू नका, हात तोंडात जातो.

मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा आणि बाळाचा पाय जाळीला टेकणार नाही एवढी ती ताणा. टेकलेल्या पायाला डास बाहेरूनच चावतो. दुपारच्या झोपेलाही लावा. पायांवर पांढरे पट्टे असलेला तो डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त.

प्रश्न : माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून डास पळवणारं यंत्र घ्यावं का? की निळ्या दिव्याचं?

उत्तर : आवाजाचं घेऊ नका. २००७ साली अशा यंत्रांच्या दहा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, एकातही चावे कमी झाले नाहीत. निळ्या दिव्यात तडतड खूप होते, म्हणून माणसाला समाधान वाटतं. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अशा दिव्यांत मेलेले १३,७८९ कीटक मोजले, ती पाहणी १९९६ साली छापून आली. त्यांत चावणारे निघाले ३१. बाकीचे बिचारे उगाच गेले. डास तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगत येतो, दिव्याचं त्याला विशेष आकर्षण नाही. त्यापेक्षा पलंगाकडे तोंड करून पंखा लावा, डास वाऱ्यात उडायला फार कच्चा.

प्रश्न : डासांचं मलम लावल्यापासून माझ्या घड्याळाची प्लॅस्टिकची काच धुरकट झाली. मग कातडीचं काय होत असेल?

उत्तर : कातडीला धोका नाही, घड्याळाला आहे. मलमातलं डीट काही प्रकारची प्लॅस्टिकं विरघळवतं. चष्म्याच्या काड्या, नायलॉन सोडून इतर काही कृत्रिम कापडही खराब होतं. पण १९५७ पासून लोक ते अंगाला लावत आलेत, सांगितल्याप्रमाणे वापरलं तर त्रास क्वचितच होतो. उघड्या अंगावर पातळ थर पुरे, कपड्यांच्या आत नको, घरात आल्यावर साबणाने धुवा. सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी, हे वरून. आणि मनगटाला लावताना घड्याळ खिशात.