वाचकांचे प्रश्न : कोविडच्या साथीत ओपीडी आटली, तरी सीटीपुढे रांग का?

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचं निदान केंद्र आहे. सोनोग्राफी, एक्स-रे आणि १६ स्लाइसचा (एका फेरीत १६ काप टिपणारा) सीटी. एप्रिल २०२० मध्ये ओपीडी जवळपास शून्यावर आली आणि सप्टेंबरात सीटीपुढे रात्रीपर्यंत रांग. पुन्हा साथ आली तर मागणीचा अंदाज कसा बांधायचा?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ‘ओपीडी इतके टक्के घटेल’ असा एकच आकडा धरू नका, तो हमखास चुकतो. पेशंटची भीती असतेच, पण खरी घट होते ती तपासणीची चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर थांबल्यामुळे. गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे गेली की गुडघ्याचा एमआरआय गेला, हेल्थ चेकअप बंद झालं की मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) गेली. न्यूयॉर्क भागातल्या एका मोठ्या रुग्णालय समूहात एप्रिल २०२० च्या मध्याला मॅमोग्राफी ९४ टक्के, एमआरआय ७४, सीटी ४६, तर एक्स-रे फक्त २२ टक्क्यांनी घटला. एक्स-रे टिकला, कारण तो खाटेपाशी नेता येतो. गरोदरपणातली सोनोग्राफी तर ढकलताच येत नाही. ११ ते १४ आठवड्यांची तपासणी सोळाव्या आठवड्यात करून काय उपयोग?

सीटीची रांग वेगळ्या कारणाने लागली. आरटी-पीसीआरचा रिपोर्ट यायला दिवस जात, म्हणून डॉक्टर थेट छातीचा एचआरसीटी (बारीक कापांचा सीटी) लिहीत. फुप्फुसांचे पाच लोब (भाग), संसर्ग किती पसरला त्यानुसार प्रत्येकी ५ पर्यंत गुण, असा २५ पैकी स्कोअर घरोघरी पाठ झाला होता. पण गर्दी म्हणजे कमाई नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने दर बांधले : १६ पेक्षा कमी स्लाइसला २,०००, १६ ते ६४ ला २,५००, त्यापुढे ३,००० रुपये, फिल्म आणि पीपीई त्यातच. काँट्रास्टचे (शिरेतून औषध देऊन काढायचे) स्कॅन मात्र गायब होते.

आता तुमच्या कामाचा हिशेब. बारा तासांत २० मिनिटांचे ३६ स्लॉट बसतात. प्रत्येक पेशंटनंतर १५ मिनिटं पुसण्यात गेली की उरतात २०. खोलीतली हवा तासाला ६ वेळा बदलत असेल, तर हवेतले ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटं लागतात. १२ वेळा बदलली तर २३. म्हणून कोविडचा संशय असलेले पेशंट दिवसाच्या शेवटी, सलग घ्या, नाहीतर अख्खा दिवस वाट पाहण्यातच जातो. एसी चालू आहे म्हणजे हवा बदलते असं नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. एक्झॉस्ट लागतोच.

पुसताना ४ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचा (जंतुनाशक ब्लीचचा) एक भाग आणि पाण्याचे तीन भाग घेतले की १ टक्क्याचं द्रावण होतं. ते फरशीला. रोज ताजं करा, उघडं ठेवलं की त्याचा जोर जातो. गँट्रीवर (सीटीच्या गोल चौकटीवर) फवारा मारू नका : फटींतून आत जातं, धातू गंजतो. तिथे यंत्राच्या कंपनीने सांगितलेलं द्रावण, कापड ओलसर करून.

लाट ओसरल्यावर सगळे पेशंट परत येतील, या भरवशावर राहू नका. काहींचं दुखणं थांबलेलं असतं, काहींनी दुसरीकडे तपासणी करून घेतलेली असते, काही उशिरा थेट कॅज्युअल्टीत पोचतात. रद्द झालेल्या प्रत्येक अपॉइंटमेंटपुढे कारण आणि ‘याच्या पुढे नको’ अशी तारीख लिहा. कर्करोगाचा फॉलोअप आधी, जुनी कंबरदुखी नंतर. हा क्रम रिसेप्शनवर सोडू नका, पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून लावा.

प्रश्न : कोविडची लस घेतल्यावर काखेत गाठ आली. मॅमोग्राफी पुढे ढकलू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लशीनंतर त्याच बाजूच्या काखेतली लसिकाग्रंथी सुजू शकते. म्हणूनच २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेत नेहमीची मॅमोग्राफी दुसऱ्या डोसनंतर ४ ते ६ आठवड्यांनी करा, असं सुचवलं गेलं. पुढे ही थांबण्याची अट सैल झाली. स्तनात गाठ लागत असेल किंवा स्राव असेल तर एक दिवसही थांबू नका. तपासणीच्या फॉर्मवर लशीची तारीख आणि कोणत्या दंडात घेतली, हे लिहा. नसेल लिहिलं, तर सुजलेल्या ग्रंथीपायी बायोप्सीपर्यंत पाळी येऊ शकते.

प्रश्न : एमआरआयला स्वतःचा मास्क चालेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाकावर दाबायची पट्टी बहुतेकदा धातूची असते. ती तापून चेहरा भाजल्याची घटना घडल्यावर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता. पट्टी नसलेला मास्क केंद्राकडूनच घ्या. काही मास्कच्या कापडात चांदी किंवा तांब्याचा लेप असतो, तोही नको.