बॅच परत आली, उद्योग बंद करू का?

प्रश्न : नोकरी सोडून ज्वारीच्या बिस्किटांचा घरगुती उद्योग सुरू केला. बिस्किटं उचलताना तुटतात, आठवड्यात मऊ पडतात. दुकानदारांनी दोन बॅच परत केल्या. घरचे म्हणतात, पुन्हा नोकरी धर. काय करावं?

उत्तर : एवढ्यात बंद करू नका आणि परत आलेला माल फेकूही नका. तो नीट तपासला तर नेमकं कुठे चुकतंय ते कळेल.

तुटणं आणि मऊ पडणं हे दोन वेगळे दोष आहेत. ज्वारीत ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला चिकटपणा देणारं प्रथिन) नसतं, म्हणून पीठ धरून राहत नाही. भाकरीला आपण गरम पाणी वापरतो ते याचसाठी. 250 ग्रॅम पिठातल्या 50 ग्रॅमची उकड काढा, गार करून उरलेल्या पिठात मळा. मात्र उकडीसोबत पाणीही वाढतं, त्यामुळे बिस्किटं जास्त वाळवावी लागतील.

मऊपणाचं कारण शोधायला, पूर्ण गार झालेलं बिस्कीट त्याच दिवशी मधोमध मोडा. आत मऊ असेल तर भाजणी कमी पडली : 160 अंशांवर भाजून झाल्यावर 100-110 अंशांवर 15-20 मिनिटं वाळवा. पहिल्या दिवशी कुरकुरीत असेल, तर दोष पाकिटाचा, सीलचा किंवा कोमट माल भरण्याच्या घाईचा.

पाच किलोचे प्रयोग थांबवा. 250 ग्रॅमची बॅच घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि माल जमला, तरी कशामुळे जमला ते कळणार नाही. वहीत पीठ दळल्याची तारीख, वजनं, तापमान, वेळ आणि पाकीट भरल्याची वेळ लिहा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडवट लागतं, म्हणून दळणाची तारीख विसरू नका. प्रत्येक बॅचची काही पाकिटं राखून ठेवा आणि 7, 15, 30 व्या दिवशी एकेक फोडून बघा.

घरच्यांची काळजी रास्त आहे. प्रयोगांसाठी किती पैसे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आजच लिहून त्यांना दाखवा. घरखर्चाचे पैसे त्यात धरू नका.

प्रश्न : उद्योग नाहीच चालला तर मुलाखतीत काय सांगू?

उत्तर : ‘बाजार मंदा होता’ म्हणू नका. माल का परत आला, कारण कसं शोधलं, काय बदललं आणि फरक किती पडला, हे आकड्यांसह सांगा. वही सोबत न्या. उत्पादन किंवा गुणवत्ता विभागात रोज हेच काम चालतं.