मताधिकार नसलेल्या उपसमिती अध्यक्षांना ठराव मांडता येतो का?

प्रश्न : मी गिरगावातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारत दुरुस्ती उपसमितीचा अध्यक्ष आहे. "उपसमित्यांचे अध्यक्ष कार्यकारी मंडळाचे पदसिद्ध सदस्य राहतील, मात्र त्यांना मतदानाचा अधिकार राहणार नाही," असे आमच्या संस्थेच्या घटनेत म्हटले आहे. गेल्या सभेत 11 पैकी 9 निर्वाचित सदस्य हजर होते. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल स्वीकारून दुरुस्तीसाठी निविदा मागवाव्यात, असा उपसमितीने बहुमताने शिफारस केलेला ठराव मी मांडला. एका निर्वाचित सदस्यांनी अनुमोदन दिले आणि तो 6 विरुद्ध 4 मतांनी संमत झाला. अनवधानाने मीही हात वर केला होता. दुसऱ्या दिवशी एका सदस्यांनी 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' या सभासंचालनाच्या नियमांवरील पुस्तकाचा आधार घेऊन, ज्याला मत नाही त्याला सूचक होता येत नाही, अशी हरकत घेतली. सचिव आता हा ठराव इतिवृत्तात नोंदवण्यास नकार देत आहेत. ठराव वैध आहे का?

उत्तर : आपली संस्था संस्था नोंदणी अधिनियम, 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 या दोन्हींखाली नोंदलेली असावी, असे धरून मी लिहीत आहे. कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव कोणी मांडावा, हे या दोन्ही अधिनियमांनी ठरवून दिलेले नाही. ते आपल्या घटनेवर सोडलेले आहे, आणि म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर घटनेच्या शब्दांतच शोधावे लागेल.

त्या वाक्यात दोन भाग आहेत. पहिला भाग आपल्याला मंडळाचे सदस्यत्व देतो, दुसरा त्या सदस्यत्वातून केवळ मतदान वगळतो. एखाद्या दस्तऐवजाने दिलेल्या हक्कांपैकी एकच हक्क नाव घेऊन काढून घेतला असेल, तर उरलेले हक्क कायम राहतात, असा अर्थ लावणे रीतसर आहे. सभेची सूचना मिळणे, चर्चेत बोलणे आणि प्रस्ताव मांडणे हे सदस्यत्वाचे हक्क आहेत, त्यामुळे माझ्या मते आपल्याला ठराव मांडण्याचा अधिकार होता. घटनेत आपला उल्लेख केवळ 'निमंत्रित' असा असता, तर मी उलट उत्तर दिले असते. निमंत्रिताने अहवाल वाचावा, शंकांना उत्तरे द्यावीत आणि ठराव एखाद्या सदस्याकडून मांडून घ्यावा, हेच योग्य ठरते. 'मतदानाचा अधिकार असलेल्या सदस्यांनाच ठराव मांडता येईल' असे कलम घटनेत किंवा सभेच्या नियमांत अन्यत्र असेल, तर मात्र माझे वरील म्हणणे टिकणार नाही. ती पाने आपण स्वतः एकदा काळजीपूर्वक वाचावीत.

हरकत घेणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. निर्णयात ज्याचा वाटा नाही त्याने निर्णयाची सुरुवात तरी का करावी, असा त्यांचा प्रश्न आहे. परंतु ठराव मांडणे म्हणजे सभेपुढे विषय ठेवणे एवढेच असते. तो स्वीकारायचा की फेटाळायचा, हे सर्वस्वी मतदारांच्या हाती राहते. आपल्या राज्यघटनेने हा भेद स्पष्टपणे केलेला आहे. अनुच्छेद 88 नुसार मंत्र्याला संसदेच्या कोणत्याही सभागृहात बोलता येते व कामकाजात भाग घेता येतो, मात्र त्या अनुच्छेदाच्या आधारे मत देता येत नाही. जुलै 2008 मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी लोकसभेत विश्वासदर्शक ठराव स्वतः मांडला, आणि ते राज्यसभेचे सदस्य असल्यामुळे त्याच ठरावावर त्यांना मत देता आले नाही. संसदेची पद्धत आपल्या ग्रंथालयावर बंधनकारक नाही, हे खरे आहे. पण मताविना सूचक असूच शकत नाही, हे विधान या उदाहरणापुढे टिकत नाही.

राहिला त्या पुस्तकाचा प्रश्न. ते 1876 साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झाले आणि तेथील असंख्य संस्थांनी ते आपल्या नियमांत स्वीकारलेले आहे. आपल्या घटनेने ते स्वीकारले नसेल, तर त्याला मार्गदर्शक लिखाणापलीकडे स्थान नाही. शिवाय एकाहून अधिक सदस्यांच्या समितीच्या वतीने आलेल्या प्रस्तावाला वेगळे अनुमोदनही लागत नाही, असे तेच पुस्तक सांगते, कारण समितीच्या बहुमताचा पाठिंबा त्यामागे आधीच असतो.

खरी अडचण सूचकपणात नसून आपण वर केलेल्या हातात आहे. ते मत घटनेविरुद्ध असल्याने वजा करावेच लागेल. वजा केल्यावर 5 विरुद्ध 4 उरतात, म्हणजे निकाल बदलत नाही. हजर असलेल्या 9 निर्वाचित सदस्यांवरच घटनेतील गणपूर्ती (सभेसाठी लागणारी किमान उपस्थिती) होते का, तेवढे तपासावे, कारण आपली हजेरी त्यात धरण्याचा धोका मी पत्करणार नाही. ही चूक आपण स्वतःहून लेखी कळवावी, असा माझा आग्रह आहे. ती विरोधकांनी उघड केली, तर सरळ हेतूने झालेल्या कामावरही संशय येईल.

सचिवांची भूमिका मला मान्य नाही. सभेत जे घडले ते लिहिणे हे त्यांचे काम आहे; ठराव वैध की अवैध, हा निवाडा त्यांच्याकडे नाही. हरकत मतदानापूर्वी घेतली गेली नाही, ही बाबही महत्त्वाची आहे, कारण तेव्हा ती घेतली असती, तर अनुमोदकांनीच सूचक होऊन प्रश्न दोन मिनिटांत मिटवला असता. बहुमताला स्वतः दुरुस्त करता येण्याजोग्या अशा अनियमिततेत न्यायालये सहसा हस्तक्षेप करत नाहीत.

आपण अध्यक्ष व सचिव या दोघांना पत्र देऊन पोच घ्यावी. पत्रात ठरावाचा मजकूर, सूचक, अनुमोदक आणि दुरुस्त मतसंख्या नमूद करावी, आणि इतिवृत्त कायम करण्याच्या वेळी ही नोंद घेण्याची मागणी करावी. त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्यावा. निर्वाचित सदस्यांपैकी कोणी तरी असा ठराव मांडावा : "दुरुस्तीच्या निविदा मागवण्याबाबत मागील सभेत झालेला निर्णय हे मंडळ कायम करत आहे." आपण त्या वेळी फक्त अहवाल सांगावा. माझ्या मते आपला अधिकार असला, तरी निविदा, ठेकेदार आणि संस्थेचा पैसा ज्यावर उभा राहणार आहे, तो ठराव वादाबाहेर असलेला बरा. तोवर कार्यादेश देऊ नये.

मात्र हा विषय लांबणीवर टाकू नये. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 353-ब नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे व सुचवलेली दुरुस्ती करणे, हे मालकाचे वा भोगवटादाराचे दायित्व आहे. सूचक कोण, या वादामुळे ते थांबत नाही, आणि त्या छताखाली रोज वाचक बसत आहेत. पुढच्या सभेतही नोंद नाकारली गेली, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 41-अ खाली विश्वस्तांना निर्देश द्यावेत, असा अर्ज वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात करता येईल. अर्जासोबत घटनेची प्रत, सभेची सूचना, हजेरीपत्रक आणि आपल्या पत्राची पोच जोडावी.